बाजारात कोण बसणार?

सावेडीत आमच्या शेजारी पाठक राहतात. बँकेतून निवृत्त झाले आणि पाथर्डी रस्त्याला त्यांनी दीड एकर जमीन घेतली. वडिलांच्या वेळच्या सात-बाऱ्यावर नाव होतं, म्हणून कायद्याने घेता आली. खरेदीखत झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे घेऊन आले आणि पेढा माझ्या तोंडात जायच्या आत म्हणाले, "हं, आता सांगा. काय लावू?"

हा प्रश्न मी बत्तीस वर्षं ऐकला. कृषी सहायक म्हणून आधी पारनेर तालुक्यात आणि शेवटची वर्षं पाथर्डीकडे नोकरी केली. बांधावर विचारलं, लग्नाच्या मांडवात अक्षता हातात असताना विचारलं. एकदा तर स्मशानात सरण पेटल्यावर सगळे लांब उभे होते, तेव्हा मयताचा पुतण्या हळूच जवळ सरकला आणि म्हणाला, "साहेब, टाईम बरा न्हाई, पन आलाच हायेत तर इचारतो. आमच्या खालच्या पट्टीत काय लावू?" मी सांगितलं. माणूस गेला तरी पेरणी थांबत नाही, आणि पुतण्याचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, शेतीखात्याचा माणूस शेतात जातो, मूठभर माती उचलतो, बोटांनी चुरतो, वास घेतो आणि पिकाचं नाव सांगतो. मीही सुरुवातीला माती चुरत असे. त्यात ऐट होती. पण मातीचं मला काय कळणार? ती ज्याच्या पायाला लागलेली असते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते. मला हळूहळू समजलं ते असं, की लहान जमिनीला पीक निवडायचं म्हणजे जमिनीकडे पाठ करून घराकडे तोंड करायचं. मी विचारायचो, विहिरीला मे महिन्यात पाणी किती असतं? (श्रावणातलं पाणी सगळेच सांगतात.) सकाळी सहाला कामाला उभे राहणारे हात घरात किती? माल निघाला की डांबरी सडकेपर्यंत जाणार कसा? आणि पेरल्यापासून किती दिवसांनी पहिला पैसा आला तर चूल पेटती राहील?

एवढं विचारलं की निम्मी पिकं आपोआप बाद होतात. डाळिंबाचं नाव घेऊन आलेला माणूस घरी जाऊन मटकी पेरतो. एकदा आमच्या भागातल्या शेतकऱ्यांची सहल हिवरे बाजारला नेली होती. परत येताना एसटीत प्रत्येकाच्या डोळ्यांत हिरवं हिरवं दिसत होतं. एकाने मला विचारलं, "साहेब, त्यांनी बी कुठून आनलं?" मी म्हटलं, बाबा, ते लोक आधी पाणी मोजतात आणि मग पीक ठरवतात. आपण आधी पीक ठरवतो आणि मग पाणी शोधायला निघतो. तो म्हणाला, "ते खरं हाय. पन बी कुठून आनलं?"

तर माझे हे चार प्रश्न. पाठकांनी त्यांची उत्तरं चोख दिली. बँकेतला माणूस, सगळं कागदावर लिहून आणलं होतं. मग मी पाचवा प्रश्न विचारला.

"बाजारात कोण बसणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे माल घेऊन, गोणपाट टाकून, आठवडे बाजारात कोण बसणार? तुम्ही, की वहिनी?"

पाठक एवढे हसले की पेढ्याचा पुडा त्यांच्या हातातून माझ्या हातात आला. "काहीतरीच काय! त्याला व्यापारी असतात की!"

मी हसलो नाही. हा पाचवा प्रश्न मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवला नव्हता. तो मला एका बाईंनी शिकवला आणि त्याची फी चांगली घेतली.

पण त्याआधी "लाभत नाही" या दोन शब्दांबद्दल सांगितलं पाहिजे, म्हणजे पुढचं समजेल. आमच्याकडे कुणाला तांबडा बैल लाभत नाही, कुणाला उत्तरेकडचं दार लाभत नाही, आणि पुष्कळ घरांना एखादं पीक लाभत नाही. कुणाच्या घराण्यात हळद लावत नाहीत, कुणाच्यात तीळ पेरत नाहीत. का, म्हणून विचारलं तर उत्तर एकच, "लाभत न्हाई." नवीन नोकरीत मला या शब्दांचा भयंकर राग यायचा. अंधश्रद्धा निर्मूलनाचा ठेका जणू माझ्याकडेच होता. पारनेरकडे एका म्हाताऱ्याने सांगितलं, "वरच्या वावरात आमाला हरभरा लाभत न्हाई." मी त्याला पाऊण तास भाषण दिलं, बियाणं दिलं आणि हट्टाने पेरायला लावलं. हरभरा गुडघ्याएवढा झाला आणि एका आठवड्यात उभ्या उभ्या वाळला. मर रोग. त्याची बुरशी त्या मातीत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून होती. त्याच्या आजाला बुरशी माहीत नव्हती, पण हरभरा मरतो हे माहीत होतं, आणि ते त्याने दोन शब्दांत नातवापर्यंत पोचवलं होतं. म्हातारा मला एका शब्दाने बोलला नाही. नुसता म्हणाला, "चहा घ्या."

तेव्हापासून मी "लाभत नाही" ऐकलं की भाषण देत नाही. विचारतो, "कधीपासून?"

आता त्या बाईंकडे, सोनाबाईंकडे येतो.

पाथर्डीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला एक गाव माझ्याकडे होतं. दिवाळी झाली की त्या गावात कुलपं लागतात. धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी माणसं, शेळ्या आणि शाळेतली पोरं राहतात. तोडीच्या हिशोबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला मुकादम विचारत नाही. एक तोडतो, एक बांधतो आणि मोळ्या डोक्यावरून वाहून गाडीत भरतो, असं ते दोघांचं मिळून काम आहे.

गणपतीच्या आधीची गोष्ट. मी ग्रामपंचायतीत बसलो होतो. साठी ओलांडलेली एक बाई दारात येऊन उभी राहिली. गुडघ्यांमुळे चालणं डुगडुगतं, पण नजर सरळ. ओळख ना पाळख, दारातूनच म्हणाली, "साहेब, दीड एकरात असं काय येतं, की मानसाला गाव सोडावं लागत न्हाई?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न इतक्या नीट शब्दांत मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "मावशी, आत या. बसा."

सोनाबाई बसल्या आणि सांगितलं ते थोडक्यात असं. मुलगा अंकुश, सून मंगल. आदल्या हंगामात मंगल पोटुशी असतानाच फडावर गेली. सातव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढताना पाय घसरला. मूल गेलं. चौथ्या दिवशी ती पुन्हा मोळ्या बांधायला उभी होती, कारण कोयता म्हणजे दोघं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि बाळंतपण ऐन हंगामात येणार होतं.

"ती नको म्हनत न्हाई," सोनाबाई म्हणाल्या. "तिचं म्हननं, जाऊ, काय हुईल ते हुईल. पन मी आता तिला फडावर पाठवनार न्हाई. टोळी भाऊबीज करून निघती. त्याच्या आत मला दिसलं पायजे, की ह्या वावरातनं चूल चालती. न्हाई तर अंकुश ऐकनार न्हाई."

त्या दिवशी संध्याकाळीच मी त्यांच्या रानात गेलो. मुरमाड, निचऱ्याची जमीन. विहिरीला शिवरात्रीपर्यंत पाणी. सडक जवळ. हात तीन, त्यातले दोन जपून वापरायचे. आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर तर टोळीनेच ठरवून ठेवलं होतं, दिवाळीच्या आत पैसा दिसला पाहिजे. कांदा बाद, कारण तो चार महिन्यांनी येतो आणि सगळा एकदम येतो. भाव पडला की माणूसही पडतो. फुलं बाद, त्यांची वेळ गेली होती. राहिली एकच गोष्ट, मेथी आणि कोथिंबीर. एक एकर ज्वारीला, घरच्या भाकरीला आणि कडब्याला. उरलेल्यात लहान लहान वाफे पाडायचे आणि दर आठवड्याला एकच वाफा पेरायचा. मेथी महिन्यात निघते, कोथिंबिरीला चाळीस दिवस लागतात. एकदा चक्र सुरू झालं की दर बाजाराला एक वाफा तयार. नोकरदाराला महिन्याला पगार, यांना आठवड्याला. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. मी कागदावर वाफ्यांचा नकाशा काढला आणि मंगलच्या हातात दिला. तिने तो ओच्यात नीट घडी करून ठेवला.

सोनाबाई मात्र वावराकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "दुसरं काय न्हाई का? भाजी आमच्या घराला लाभत न्हाई."

मी सवयीने विचारलं, "कधीपासून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर विहिरीकडे नेली. "लई दिस झालं," एवढंच म्हणाल्या. मी मंगलकडे पाहिलं. तिने मानेनेच सांगितलं, मला ठाऊक नाही. मी मनात म्हटलं, असेल एखादी कीड, एखादा अवकाळी. मातीत तर काही दोष दिसत नव्हता. विचारून सोडून दिलं, हीच माझी चूक. प्रश्न विचारायला शिकलो होतो, उत्तरासाठी थांबायला शिकलो नव्हतो.

शेवटी सोनाबाईच म्हणाल्या, "पेरा. पोरीपुढं मला काय बी न्हाई."

मंगलने धणे पायाखाली रगडून पेरले, अंकुशने दारं धरून पाणी दिलं. तो नाराजीनेच काम करत होता, पण करत होता. नवरात्र संपता संपता पहिला वाफा असा दाटला की वाफ्याची कड दिसेना. मी येता-जाता मोटरसायकल थांबवून पाहायचो. कोवळी, रुंद पानांची मेथी, उपटली की पांढरी शुभ्र मुळी. दिवाळीच्या तोंडावर बाजारात अशी भाजी म्हणजे हातोहात जाणार.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी मी रानात गेलो, तर घरातली तिघंही विहिरीवर होती. मेथी वाफ्यात तशीच उभी.

"काय झालं? उपटली का नाही?"

अंकुश म्हणाला, "व्यापारी बघतो म्हनला हुता. आला न्हाई."

"एवढ्याशा वाफ्यासाठी व्यापारी कशाला येईल? बाजार दोन कोसांवर आहे. गाडीवर टाक आणि बस जाऊन."

"मी?" मी जणू शिवीच दिली असं अंकुशने माझ्याकडे पाहिलं. "मेथीच्या जुड्या घिऊन बाजारात मी बसू? साहेब, आमी काय भाजीवालं हाये का? पाव्हनंरावळं सगळं असतं तिथं. माझा मेव्हना असतो."

मला राग आला. तो अजूनही आठवतो, कारण त्यात माझ्या स्वतःच्या चुकीची बोच होती. सगळं विचारलं होतं, पाण्यापासून सडकेपर्यंत, आणि सडकेच्या टोकाला कोण बसणार हे विचारलंच नव्हतं. मी ओरडलो, "लोकांच्या शिवारात सहा महिने कोयता चालवायला लाज वाटत नाही, आणि आपल्या रानातली भाजी विकायला लाज वाटते?"

अंकुश शांतपणे म्हणाला, "तिथं आमाला कोन वळखतंय, साहेब?"



मंगल उठली. "मी बसते," म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून वाफ्याकडे निघाली.

"तू न्हाई बसायचं," सोनाबाई म्हणाल्या. आवाज एवढा करडा की मंगल जागीच थांबली. मग त्या विहिरीच्या कठड्यावर बसल्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "साहेब, तुमी इचारलं हुतं, कधीपासनं. सांगते."

त्यांचं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. नवरा आजारी, घरात धान्य नाही. याच रानात, याच विहिरीवर त्यांनी मेथी केली आणि याच बाजारात जुड्या घेऊन बसल्या. तेवढ्यात समोरून त्यांचा थोरला भाऊ आला, चार पाहुण्यांबरोबर, पांढऱ्या शुभ्र कपड्यांत.

"म्या हाक मारली, दादा म्हनून. मला काय, आनंदच झाला. त्यानं बघितलं. नीट बघितलं. आन् मान वळवली. पल्याडच्या वळीनं निघून गेला. त्या दिवाळीला भाऊबीजेला आला न्हाई. निरोप आला, सोनीनं आमचं नाव बाजारात मांडलं. पुढच्या साली बी न्हाई आला. मग म्या मेथी सोडली आन् ह्याच्या बापाबरूबर कोयता घेतला. चाळीस वर्सं तोडला ऊस. पन मेथी सोडली तरी माहेर काय परत आलं न्हाई. तवापासनं लाभत न्हाई."

अंकुशने हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. तो पाण्याच्या पाटाकडे बघत उभा राहिला. मंगल रडत होती. खरं सांगायचं तर माझेही डोळे भरले, आणि मी टोपी काढून उगीच झटकली.

सोनाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "दादा वारला मागंच. आता कोन राह्यलंय मान वळवायला? उद्या मी बसते. अंकुश, तू निसती गाडीवर नेऊन सोड. तोंडाला फडकं बांध पायजे तर." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पन साहेब, भवानी तुमी करायची. पैली जुडी तुमी घ्यायची. तेवढा शबुद द्या."

पहिल्या विक्रीला आमच्याकडे भवानी म्हणतात. ती कुणाच्या हातची होते याला मोल असतं. मी शब्द दिला. म्हटलं, नऊच्या ठोक्याला हजर असतो.

सकाळी सातला फोन वाजला. जिल्ह्याहून मोठे साहेब येणार होते, बरोबर बाहेरगावचे दोन पाहुणे, आमच्याकडचा तुरीचा प्रात्यक्षिक प्लॉट बघायला. अशा वेळी आमच्या खात्यातला माणूस बाकी सगळं विसरतो. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि जीपमध्ये मागे फायली मांडीवर घेऊन बसलो. प्लॉटकडे जायचा रस्ता बाजारातूनच होता. मी मनाशी म्हटलं, बरं झालं, जाता जाता उतरतो, एक जुडी घेतो, दोन मिनिटांचं काम.

गर्दीत जीप मुंगीच्या पावलांनी चालली होती. ओळीच्या शेवटी, बांगड्यावाल्या कासारणीच्या शेजारी सोनाबाई बसल्या होत्या. पुढे गोणपाटावर जुड्यांचा हिरवागार ढीग, त्यावर ओलं फडकं. फडकं अजून काढलं नव्हतं. त्यांनी जीप पाहिली, मला पाहिलं, आणि हात वर केला.

पुढच्या सीटवरून साहेब म्हणाले, "अहो, ती बाई तुम्हाला हात करतेय का?"

मी म्हणालो, "नाही सर. दुसऱ्या कुणाला तरी असेल." आणि फाईल उघडून तुरीच्या ओळींमधलं अंतर वाचू लागलो.

असं का म्हणालो? पाच-सहा वर्षं झाली, मी स्वतःला विचारतो. मी शेतकऱ्याचा मुलगा. साहेब काही वाईट नव्हते, मी सांगितलं असतं तर त्यांनीही कदाचित एक जुडी घेतली असती. इस्त्रीचा शर्ट घालून, पाहुण्यांच्या देखत, खाली उतरून मेथी घ्यायची, एवढंच होतं. तेवढं मला जमलं नाही. आणि आदल्या दिवशी मी अंकुशला लाज शिकवत होतो.

दिवसभर मी तुरीपाशी उभा होतो आणि मला तूर दिसत नव्हती. सतत वाटत होतं, भवानी व्हायची म्हणून ती बाई फडकं न काढता बसली असेल, उन्हात मेथी मान टाकेल, अंकुश म्हणेल, बघ, सांगितलं होतं. मग भाऊबीज होईल, टोळी निघेल, आणि मंगल फळीवर चढेल. हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे. चारला साहेबांची जीप नगरकडे गेली, तसा मी एकाच्या गाडीवर मागे बसून बाजारात आलो.

बाजार उठत होता. सोनाबाई गोणपाटाची घडी घालत होत्या. ढीग नव्हता. एक जुडी तेवढी बाजूला, ओल्या फडक्यात गुंडाळलेली.

"सगळी गेली?" मी विचारलं.

"व्हय. कासारनीनं भवानी केली. मग हातूहात गेली."

माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच मी खोटं बोलायला तोंड उघडलं. "मावशी, सकाळी जीप गर्दीत होती, मला नीट दिसलं..."

"दिसलं की," त्या म्हणाल्या. रागाने नाही, सहज. "वळवलेली मान मला लांबनं वळखू येती, साहेब."

मी "चुकलं माझं," एवढं म्हणालो.

त्यांनी फडक्यातली जुडी काढून माझ्या हातात दिली. "ही तुमची. पानी मारून ठिवली हुती."

मी खिशात हात घातला. मला वाटलं, त्या आता म्हणतील, राहू द्या, पैसे नकोत. त्यांनी पैसे घेतले, नीट बघितले आणि कमरेला खोचले.

"घेते पैसं. फुकट दिली असती तर तुमी लाजंनं पुन्हा ह्या बाजाराकडं फिरकला नसता. दादाचं तसंच झालं असंल, मला आता वाटतंय. एकदा मान वळवली आन् मग तोंड दाखवायची त्याला वाट राह्यली न्हाई. तुमी गिऱ्हाईक व्हा. दर बाजारी या."

त्या भाऊबीजेला मुकादम दारात आला तेव्हा सोनाबाईंनी सांगितलं, "यंदा आमचा कोयता न्हाई." अंकुश आत होता. तो बाहेर आला नाही, आणि टोळीबरोबर गेलाही नाही. तो दर बाजाराला तोंडाला मफलर गुंडाळून आईला सोडायचा आणि चोरासारखा पळायचा. पौषात त्याचा मफलर गळ्यावर उतरला. त्याच सुमारास मंगलला मुलगी झाली, दवाखान्यात, नीट. नंतर ओळीत सोनाबाईंच्या शेजारी अंकुश बसलेला मी पाहिला. मेव्हणा समोर उभा होता आणि जुडीच्या भावावरून दोघांची हुज्जत चालली होती.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. पुढच्या एका वर्षी पाऊस फिरकलाच नाही आणि विहीर दिवाळीआधीच आटली. अंकुश गावातल्या दुसऱ्या एका माणसाबरोबर कोयत्याची जोडी लावून हंगामाला गेला. पण मंगल पुन्हा फडावर गेली नाही. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कागदोपत्री पुष्कळ काही केलं असेल. मनात मोजतो ते एवढंच, आणि त्यातही माझा वाटा वाफ्यांचा नकाशा काढण्यापुरता.

मी मात्र गिऱ्हाईकपण सोडलं नाही. निवृत्त झालो तरी जमेल त्या बाजाराला सावेडीहून बसने जातो. दोन जुड्या मेथीसाठी एवढ्या लांब जाणारा माणूस म्हणून कॉलनीत माझी चेष्टा होते. सोनाबाई आता फार वेळ बसत नाहीत, पण भवानी होईपर्यंत असतात.

परवाच्या बाजाराला मी पोचलो तेव्हा अंकुश रानात दुसऱ्या खेपेला गेला होता. सोनाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, बसा जरा हितं. मी च्या पिऊन येते." मी काही म्हणायच्या आत त्या समोरच्या हॉटेलाकडे डुगडुगत निघाल्यासुद्धा. मी गोणपाटावर बसलो. पुढ्यात मेथी. लोकांचे नुसते पाय दिसतात तिथून, आणि प्रत्येक पाय ओळखीचा वाटतो.

आणि नेमकी पाठकांची गाडी आली. रानाकडे निघाले असणार. शेजारी वहिनी, मागे त्यांचे जावई. गर्दीमुळे गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. पाठकांची नजर फिरत फिरत माझ्यापाशी येऊ लागली.

मान वळवावीशी वाटली. वाटली, खोटं कशाला बोलू? मान निम्मी वळलीही होती. मग मी ती सरळ केली, दोन जुड्या हातात घेऊन उंच धरल्या आणि ओरडलो, "पाठक! ताजी मेथी! घ्या, रानातली!"

गाडी थांबली. मागचे हॉर्न वाजू लागले. पाठक काच खाली करून माझ्याकडे पाहत राहिले, मग जावयाकडे पाहिलं, मग उतरून आले. दोन जुड्या घेतल्या. जाताना हळूच म्हणाले, "तो तुमचा पाचवा प्रश्न... घरी आल्यावर बोलू."

सोनाबाई चहा पिऊन आल्या आणि पदर सावरत खाली बसल्या.

"किती गेल्या?"

"दोन."

"बघत हुते तिकडनं," त्या म्हणाल्या आणि जुड्यांवर पाणी शिंपडू लागल्या. "मान सरळ ठिवली तुमी. पन आवाज लई बारीक हाय. पुढच्या बाजारी नीट वरडा."